घासून काढलेलं नाव

१

जवळा बाजार गावात मनकर्णाबाईचं नावं घालायचं दुकान कुठं, असं विचारलं तर लोक पत्ता सांगतात आणि वर सल्ला देतात, की सबुरीनं बोला, बाई तापट आहे. खोटं नाही ते. लग्नातल्या भांड्यावर नाव घालायला कुणी भांडं तेलकट तसंच आणलं की ती हातसुद्धा लावत नाही. घरी चिंच नाही का, एवढंच विचारते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघते.

तिचे वडील हेच काम हातोडीनं करायचे. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसायचे, मांडीत कळशी धरायची आणि टिकटिक टिकटिक ठोकत टिंबाटिंबांनी नाव उठवायचे. मनकर्णानं पंधरा वर्षांपूर्वी हातोडी बाजूला ठेवली आणि फेरिक आणलं. फेरिक म्हणजे फेरिक क्लोराईड. शहरात पाणी साफ करायलाही तेच वापरतात म्हणे, पण मनकर्णाला त्याचा उपयोग एवढाच, की ते पितळ खातं. भांड्याला काळा रंग फासायचा, वाळला की सुईनं त्यात नाव लिहायचं, आणि भांडं आडवं करून फेरिकच्या पाण्यात ठेवायचं. रंग आहे तिथं फेरिक शिवत नाही. सुईनं उघडं केलेल्या अक्षरापुरतं खातं. अर्ध्या तासात नाव बसतं, आणि ते असं बसतं की पन्नास वर्षं घासलं तरी जात नाही.

दुकानामागच्या खोलीत हा सगळा पसारा. टब प्लास्टिकचा, कॅन प्लास्टिकची, चमचासुद्धा प्लास्टिकचा. लोखंडाला तिथं थारा नाही, कारण फेरिक त्याला पोखरतं. त्याच्या नुसत्या वाफेनं खिडकीचे गज झिजून काडीएवढे झाले होते. कोरडं फेरिक गुळाच्या खड्यासारखं दिसतं आणि झाकण उघडं राहिलं की हवेतलं पाणी पिऊन पाघळतं. ते पाण्यात टाकायचं असतं, थोडं थोडं. उलट केलं, म्हणजे फेरिकवर पाणी ओतलं, की ते तापून उसळतं आणि धूर नाकाडोळ्यांत जातो. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, पंखा चालू. अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं नळाखाली धरायचं. वापरून हिरवं झालेलं पाणी नालीत ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं. चुना घालून आधी त्याचा जोर मारायचा, गाळ वेगळा ठेवायचा. मनकर्णा हे सगळं पाळायची, आणि पोरीकडूनही पाळून घ्यायची.

पोरगी म्हणजे कोमल. दुकानातल्या प्रत्येक भांड्यावरचं अक्षर कोमलचं. सुई हातात घेतली की छापल्यासारखं लिहायची. पण मोजे घालून बारीक अक्षर येत नाही म्हणून ती ते काढायची, आणि टबातून काढलेलं भांडं घाईत उघड्या हातानं पुसायची. त्यामुळं तिच्या बोटांवर कायम पिवळे-तपकिरी डाग. दोन ठिकाणची सोयरीक त्या डागांनी मोडली. पाहुण्यांनी कांदेपोहे खाल्ले, पोरीचे हात बघितले, आणि घरी जाऊन निरोप पाठवला की पोरीला काही कातडीचं असावं. त्या दिवशी मनकर्णानं फोनवर त्या लोकांच्या सात पिढ्यांची आठवण काढली होती.

मग पुसेगावचं स्थळ आलं. मुलगा शिवशंकर, शेती बरी, घरात तो आणि त्याची आई रूपाबाई. त्यांनी हातांकडं बघितलंही नाही. मनकर्णाचा नवरा संतराम, गरीब गाय माणूस, त्या दिवशी देवाला नारळ फोडून आला.

लग्नाला नऊ दिवस राहिले आणि रूपाबाईनं एका गाडीतून भांडी पाठवली. पितळेचा मोठा हंडा, पितळेची कळशी, तांब्याचा तांब्या. निरोप असा, की घरात नवीकोरी पडून आहेत, तुमी काहून नवी घेता, फक्त कोमलचं नाव घाला आणि मांडवात तुमच्याच हातानं द्या.

मनकर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीचं आंदण लेकीच्या सासरहून घ्यायचं, म्हणजे आम्ही काय हात पसरून बसलो आहोत का, असं ती तासभर बोलत राहिली. स्टीलचे डबे तर तिनं स्वतः बाजारातून आणून ठेवले होते. संतराम म्हणाला, माणसं चांगली हायत, त्यांचं मन मोडू नको. शेवटी ती गप्प बसली, पण भांडी तिनं आदळूनच आत नेली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी घेतली. भांडं खरंच चकचकीत होतं. काठाखाली, जिथं नाव घालायची पद्धत, तिथं तर जरा जास्तच. कोमलनं स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं, लाजत लाजत. मनकर्णानं कळशी टबात आडवी ठेवली, वर झाकण टाकलं आणि पुढं दुकानात येऊन बसली.

दहा मिनिटं झाली असतील. मागून टिकटिक ऐकू आली.

तिला वाटलं, कोमल काही ठोकते आहे. पण कोमल समोर बसून पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होती. टिकटिक चालूच होती, बारीक, एका लयीत, मध्येच थांबायची, जणू कुणी ठोकता ठोकता पुढचं अक्षर कुठं घ्यायचं ते बघतंय. मनकर्णाचं बालपण त्या आवाजात गेलं होतं. तिला तो ओळखायला वेळ लागला नाही, फक्त पटायला लागला. फेरिक मुकं असतं. तेजाबासारखं ते फसफसत नाही, बुडबुडे काढत नाही. त्याचा आवाज होत नाही.

ती उठून मागं गेली. दारात पाय ठेवला आणि आवाज थांबला. पंखा फिरत होता, खिडकीबाहेर शेजाऱ्याची शेळी उभी होती. उंदीर असेल, नाही तर पंख्याचं पातं झाकणाला लागत असेल, असं म्हणून तिनं पंख्याला एक शिवी दिली.

अर्ध्या तासानं कळशी काढली, चुन्याच्या पाण्यात धुतली, रंग पुसला. कोमलचं नाव सुरेख बसलं होतं. आणि त्याच्या खाली, जिथं रंग जसाच्या तसा होता, जिथं सुई लागलीच नव्हती, तिथं बारीक टिंबं होती. मनकर्णानं चष्मा काढून पदरानं पुसला आणि कळशी खिडकीशी नेली.

टिंबांचं नाव होतं. पुनम.

३

आता मनकर्णा काही भुताखेताला भिणारी बाई नव्हती. तिचं डोकं लगेच कामाला लागलं. वडील सांगायचे ते तिला आठवलं. पितळ एकदा ठोकलं की मार आतपर्यंत जातो. वरून कितीही घासा, गुळगुळीत करा, डोळ्याला काही दिसणार नाही. पण तेजाब लागलं की मार बसलेला भाग आधी खाल्ला जातो आणि नाव परत वर येतं. चोरीची भांडी अशीच पकडायचे म्हणे. रंगाला कुठंतरी बारीक भोकं राहिली असतील, त्यातून फेरिक आत गेलं असेल. झालं. ह्यात गूढ काही नाही.

गूढ नव्हतं, पण लबाडी होती. नवीकोरी म्हणून पाठवलेल्या भांड्यावरून कुणाचं तरी नाव घासून काढलं होतं.

तिनं संतरामला कळशी दाखवली. त्यानं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, बाजारातून मोडीची घेतली असतील, आपल्याला काय करायचं. बोलताना तो कळशीकडं बघत नव्हता, दाराकडं बघत होता. मनकर्णानं रूपाबाईला फोन लावला. रूपाबाईचा आवाज नेहमीसारखा सायीसारखा मऊ. म्हणाली, दुकानदारानं फसवलं असंल हो ईहीणबाई, तुमी जाणत्या, तुमच्या फेरिकनं नीट करून घ्या. आणि मग विचारलं, "हंडा केला का?"

"न्हाई अजून."

"हंड्याच्या आतून काही करू नका बरं. नुसतं वरून नाव घाला."

मनकर्णानं फोन ठेवला. हंड्याच्या आतून नाव घालतं कोण? नवरात्राला कलश मांडणाऱ्यासुद्धा असं काही सांगत नाहीत. चोराच्या मनात चांदणं, ते हेच.

४

दुपारी कोमल शिलाईवालीकडं पोलकं आणायला गेली. मनकर्णानं हंडा खिडकीखाली उजेडात ओढला. काठाखाली रंग न लावताच कुंच्यानं फेरिक फिरवलं आणि वाट बघत बसली. पितळ आधी काळवंडलं, मग गुलाबी झालं, आणि त्यातून टिंबं उठली, एकेक करून, चुकार मुलं शाळेत येतात तशी. पुनम. आई-वडिलांकडून. नरसी. २०२२.

म्हणजे मोडीतलं नव्हे. नरसीच्या कुणा आईबापानं चार वर्षांपूर्वी लेकीला दिलेलं आंदण.

मग तिनं हंडा तिरका करून आत बघितलं. हंड्याचं बूड आतून कुणी घासत नाही. चिंच लावून हात फिरवतात, झालं. हे बूड मात्र यंत्रावर धरल्यासारखं लख्ख होतं, तिचा चष्मा त्यात दिसत होता. कुणाला तरी तिथलं काही नको होतं. रूपाबाईनं आतून काही करू नका सांगितलं ते ह्याचसाठी.

तिनं वाटीभर फेरिक आत ओतलं.

टिकटिक लगेच सुरू झाली. ह्या वेळी पंख्याला दोष देता आला नाही, कारण पंखा बंद होता. वीज गेली होती. आवाज हंड्याच्या बुडातून येत होता, आणि तिचे दोन्ही हात हंड्यावर होते. मोज्यातून तळव्याला ठोके जाणवत होते. तिला हात काढून घ्यावेसे वाटले आणि तिनं काढले नाहीत, कारण त्याच वेळी तिला राग आला होता, आणि राग आला की ती मागं हटत नसे. "ठोक," ती दात ओठ खात म्हणाली. "काय ठोकायचं ते ठोक."

आवाज थांबला. तिनं फेरिक टबात ओतलं, हंडा धुतला. बुडाशी खिळ्यानं ओरखडल्यासारखी, वेडीवाकडी, एकात एक गेलेली अक्षरं होती.

माय मला घेऊन जा.

मनकर्णा तिथंच जमिनीवर बसली. तिला सगळं दिसलं. लेकीचं भांडं माहेरी जातं. सणाला लाडू भरून जातं, बाळंतपणाला जातं, कधीतरी जातंच. पोरीला फोन करता येत नसेल, कुणी देत नसेल, म्हणून तिनं हंड्याच्या बुडाशी लिहून ठेवलं, की कधी ना कधी हा हंडा माझी माय घासेल. आणि हंडा गेलाच नाही. सासूनं तो आधी बघितला.

आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि मग तिनं रूपाबाईला अशा शिव्या दिल्या की खिडकीतली शेळी निघून गेली.

५

तरी मन हट्टी असतं. मनकर्णानं स्वतःशीच वाद घातला. ओरखडेही मारासारखेच, पितळात राहतात, फेरिकनं वर येतात. बरोबर. ठोके? फेरिकनं तापलेलं भांडं गार होताना आवाज करतं. बरोबर? तिला नीट पटेना. मग तिनं ठरवलं, की बघूच, फेरिकमध्ये काही आहे की भांड्यात. वापरलेलं सगळं फेरिक चुना घालून मारलं. नवी कॅन फोडली, पाण्यात चमचा चमचा टाकत नवं केलं. भांडंही नवं घेतलं, तिनं स्वतः बाजारातून आणलेला स्टीलचा डबा. बुडाला कंपनीचा कागद अजून चिकटलेला होता. त्यावर कधी कुणी ठोकलं नव्हतं, कोरलं नव्हतं, घासलं नव्हतं. त्यात काही वर यायचं कारणच नाही.

तिनं डब्यात फेरिक ओतलं. स्टीलला जास्त वेळ लागतो. ती समोर बसून राहिली. टिकटिक झाली नाही. त्याऐवजी कोरल्याचा आवाज आला, सुई रंगातून फिरते तसा, बारीक आणि सफाईदार. हा आवाजही तिच्या रोजच्या ऐकण्यातला होता.

डबा धुऊन तिनं उजेडात धरला.

माय मला घेऊन जा.

ओळ तीच होती, पण अक्षर वेडंवाकडं नव्हतं. छापल्यासारखं होतं. मायमधल्या म ची गाठ जराशी आत वळवलेली, घ चं पोट गोल. रोज पन्नास भांड्यांवर बघते ते अक्षर. कोमलचं.

६

संतराम आणि कोमल दोघं एकदमच घरात आले. मनकर्णानं हंडा, कळशी आणि डबा ओट्यावर मांडून ठेवले होते. तिनं आवाज चढवला नाही, ह्यानंच संतराम आधी घाबरला.

"पुनम कोण?"

उत्तर कोमलनं दिलं. म्हणाली, शिवशंकरची पहिली बायको, तापानं गेली, दोन वर्षं झाली. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबांनाबी ठाऊक आहे.

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीला, नवऱ्याला, सोयरीक जमवणाऱ्याला. एकटी मनकर्णा सोडून. तिला इतका राग आला की क्षणभर दिसेनासं झालं. "मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस?" कोमल म्हणाली. "दोन स्थळं माझ्या हातांनी गेली. हे तुझ्या तोंडानं गेलं असतं."

संतराम मध्ये पडला, तुझ्या रागापायीच, तुला तकलीफ नको म्हणून, असं काहीतरी पुटपुटला. मनकर्णानं त्याच्याकडं बघितलंही नाही. हंड्याचं बूड तिनं कोमलला दाखवलं. कोमलचा चेहरा जरा उतरला. म्हणाली, आजारी माणूस लिहितं काहीही. मग मनकर्णानं डबा तिच्या हातात दिला.

कोमलनं वाचलं. आधी एकदा, मग बोट फिरवत. मनकर्णाला वाटलं, पटलं. पण पोरीनं मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, चीड होती, अगदी आईची.

"हे तू लिहिलंस, माय. माझं अक्षर तुलाच तेवढं काढता येतं. लग्न मोडायला तू इथवर गेलीस."

मनकर्णा शपथेवर आली. तिनं देवाचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं. कोमलनं डबा ओट्यावर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी घातली. मनकर्णानं त्या दारावर हात आपटले, मग बाहेर येऊन रूपाबाईला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, की लग्न मोडलं, पुसेगावात पोरगी देण्यापेक्षा तिला जन्मभर घरात ठेवीन. एवढं ऐकूनही रूपाबाई चिडली नाही.

"सावकाश घ्या, ईहीणबाई," ती म्हणाली. "कोमलच्या मनात काय हाय ते तिलाच ठरवू द्या. तुमी भांडी तेवढी सांभाळा."

७

सकाळी मनकर्णानं हंडा गोणपाटात बांधला आणि नरसीला निघाली. पोरीचा आईवर विश्वास नाही, ठीक आहे. पुनमच्या आईला हाताला धरून घेऊन येते, तिच्या तोंडून ऐक म्हणावं. निघताना ती संतरामवर एवढंच ओरडली, की मी येईपर्यंत पोरीला घरातून हलू देऊ नको. तो हो हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणायचा.

औंढ्याला गाडी बदलली, हिंगोलीला बदलली. हंडा मांडीवर होता. जवळा बाजारला चढताना तो तिनं एका हातानं वर घेतला होता. हिंगोलीला उतरताना दोन्ही हात लागले. शेजारच्या बाईनं विचारलं, पाणी भरलंय का आत. मनकर्णा म्हणाली, रिकामा हाय. बाईनं हंड्याकडं बघितलं आणि जागा बदलून पुढं जाऊन बसली. मनकर्णाला तिचाही राग आला. रात्रभर झोप नाही, हात भरून आलेत, म्हणून जड लागतोय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

नरसीत प्रसादाच्या दुकानांपाशी तिनं विचारलं, पुसेगावला दिलेली पुनम, तिचं घर कोणतं. दुकानदारानं बोट दाखवलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

घर पत्र्याचं, अंगणात तुरीचा भुसा. पुनमची माय दारातच तुरी पाखडत बसली होती. मनकर्णापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण केस पूर्ण पांढरे. मनकर्णानं कोण, कुठली ते सांगितलं. भांडी कशी आली, नाव कसं वर आलं, तेही सांगितलं. बाई सूप हातात धरून ऐकत राहिली. म्हणाली, आम्हाला ताप सांगितला. तोंड तेवढं दाखवलं. आंदण परत मागितलं तर म्हणाले, पोरीनंच विकून खाल्लं. आम्ही काय बोलणार, आमच्यात बोलणारं कुणी नव्हतं.

"मी हाय ना बोलायला," मनकर्णा म्हणाली, आणि तिनं गोणपाट सोडलं.

बाईनं काठाखालचं नाव बघितलं. त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग हंडा तिरका करून आत बघायला गेली. मनकर्णा सांगत होती, बुडाशी बघा, बुडाशी लिहिलंय. बाईनं वाचायला डोळे बारीक केले नाहीत. तिनं आत हात घातला.

हंडा केवढा, हातभर खोल. बाईचा हात कोपरापर्यंत गेला. मग दंडापर्यंत गेला. मग ती हंड्यावर वाकली आणि खांदा काठाला टेकला, आणि हात अजून आत जातच होता. मनकर्णा ते बघत होती. दिवसाढवळ्या, उन्हात, दोन हातांच्या अंतरावरून बघत होती. हंड्याचं बूड जमिनीवर टेकलेलं होतं, खालून कुठं काही बाहेर आलेलं नव्हतं. आत बाईचा हात हळूहळू हलत होता, मागं-पुढं, लेकराच्या डोक्याला तेल लावताना हलतो तसा. तिचे डोळे मिटलेले होते. तोंडानं ती काहीतरी म्हणत होती, ते मनकर्णाला ऐकू आलं नाही.

मग तो हात थांबला. सरकला. पुन्हा हलायला लागला, पण आता वेगळ्या जागी, चाचपत, ओळख नसल्यासारखा.

बाईनं डोळे उघडले.

"दोघी हायत," ती म्हणाली.

मनकर्णा पुढं सरकली. "कोण दोघी?"

"एक माझी. दुसरी कोण ते मला ठाऊक न्हाई, बाई. आत्ताच आली. अंग गरम हाय अजून."

मनकर्णाच्या अंगात राग म्हणून काही उरला नाही. आयुष्यभर जो तिला सगळीकडं धरून उभा करायचा, तो कुठं गेला तेच कळेना. तिनं फोन काढला, कोमलला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. मग संतरामला लावला. त्यानं लगेच उचलला, आवाज चांगला खुशीत होता.

"कोमलला दे," ती म्हणाली. "कोमलला फोन दे."

"अगं, ती न्हाई घरी. तू गेलीस अन् शिवशंकर गाडी घेऊन आला. म्हणला, दोन तास घर बघून येऊ दे, मग ठरवा काय ठरवायचं ते. पोरगी हसत गेली, नवी साडी नेसून. तुला सांगणारच व्हतो मी, पण म्हटलं नको, तू उगीच चिडली असतीस."